अर्धी पोतारलेली भिंत

कुसुमचा निरोप फोनवर आला तो एवढाच : ‘घरी ये. बाहेर भेटायला नको.’

पन्नास वर्षांनी कोणी भेटणार म्हटलं की माणूस पुढेमागे दोन शब्द जास्तीचे लावतं. बरं वाटलं म्हणतं, तब्येत विचारतं. हिचं काहीच नाही. मी ती दोन वाक्यं दिवसभरात सातआठ वेळा उघडून पाहिली. बाहेर का नको? घरी काय आहे? वाशीमला भाच्याच्या मुलीचा साखरपुडा होता, तेव्हा वाटेत मालेगावला उतरून कुसुमला भेटायचं हे मीच ठरवलेलं. शाळेच्या जुन्या मुलींच्या ग्रुपवरून तिचा नंबरही मीच शोधून काढलेला. आणि आता मीच संशय घेत बसले होते. माझा स्वभाव तसाच आहे, नाकारत नाही. पण तो मी आईच्या पोटातून घेऊन आले नव्हते. तो मला मालेगावात लागला. नाशकाकडचं मालेगाव नव्हे, आमचं, वाशीमच्या वाटेवरचं, जहांगीर.

एस.टी.तून उतरले ती आधी आमच्या जुन्या गल्लीत गेले. कुसुमकडे दुपारी चारला जायचं होतं, हातात दीड तास होता, आणि खरं सांगायचं तर पाय लगेच तिच्या घराकडे वळत नव्हते. गल्लीची वळणं तीच, घरं सगळी बदललेली. प्रमिलाचं घर होतं तिथं आता शटरचं दुकान आहे, मोबाइलची कव्हरं विकतात. मी दुकानाच्या बाजूच्या बोळात डोकावून पाहत होते, अंगणातली ती लांब भिंत कुठे शिल्लक आहे का म्हणून. एवढ्यात मोटरसायकलवरून जाणारा एकजण थांबला.

“कोन पाह्यजे तुमाले?”

“कोणी नाही. सहज बघतेय.”

“सहज काहून? घेनं हाये का जागा?”

मी नाही म्हटलं तरी तो कोपऱ्यापर्यंत गाडी हळू चालवत, मागे वळून बघत गेला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, गल्ली आहे अजून जागेवर.

आम्ही तिथं आलो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. तेव्हा हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. वडील बांधकाम खात्यात, सडकेच्या कामावर त्यांची बदली झाली आणि साताऱ्याहून तीन गाड्या बदलत, दोन ट्रंका आणि एक वळकटी घेऊन आम्ही तिघं इथं उतरलो. मी अकरा वर्षांची. पहिल्या दिवसापासून मला आठवतात ते इथले वास. रेशनच्या तांबड्या ज्वारीची भाकरी भाजताना येणारा कडसर वास. जवसाच्या तेलाचा. दुपारी काळ्या मातीवर ऊन तापलं की येणारा, भाजक्या डाळीसारखा. सरकीचा, आणि बैलांच्या अंगाचा. माणसांचं बोलणं कळायच्या आधी मला गाव नाकानं कळलं.

बोलणं कळत नव्हतं असं नाही. कळायचं, पण एक घास मागे राहून. तोपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असायचं आणि सगळे हसलेले असायचे. मला वाटायचं, मलाच हसतात. बहुतेक वेळा खरंच मलाच हसायचे.

आणि बायका विचारायच्या किती! आईनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की सुरू. “काय रांधलं आज?” “एकच पोट्टी काहून तुमाले?” “साहेब रागीट हायेत का?” साताऱ्याकडे असं कोणी तोंडावर विचारत नाही, पाठीमागे विचारतात. आईला वाटायचं, या बायका काहीतरी काढून घेतायत. ती कमीत कमी बोलायची, आणि दार लावून घ्यायची. तिच्या दृष्टीनं दार लावणं म्हणजे साधी घरातली शिस्त. गल्लीत मात्र दारं पहाटे उघडायची ती निजायलाच बंद व्हायची. दिवसा दार लावलेलं घर म्हणजे आत काहीतरी लपवायचं आहे, हा तिथला सरळ हिशेब. आम्ही त्यांच्यावर नजर ठेवून, ते आमच्यावर. असे पहिले सहा महिने गेले.

आईनं मला एक ताकीद दिली होती. मला लहानपणापासून नाक तिखट. तीन घरांपलीकडे काय शिजतंय ते मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे. आई म्हणाली, “इथं कोणाच्या घरी जाऊन वास घेत बसू नकोस. आधीच त्यांना वाटतं, आपण त्यांना नाकं मुरडतो.” तेव्हापासून मी वास घ्यायची ते लपवून, तोंड दुसरीकडे करून.

कुसुमला मात्र ते माहीत होतं. शाळेत तिसऱ्या बाकावर ती माझ्या शेजारी बसायची. वर्गात सगळ्यात हुशार, आणि सगळ्यात कमी बोलणारी. पहिल्या दिवशी मी बाईंना उत्तर दिलं तर वर्ग खो खो हसला. ही हसली नाही. मधल्या सुट्टीत म्हणाली, “तू बोलतं तं रेडिओ लागल्यावानी वाटते. म्हनून हासतात. मनावर नको घेऊ.” मग तिनं मला शिकवायला घेतलं. मला नाही, मले. का नाही, काहून. पोळा नाही, पोया. मी शब्द बरोबर म्हटला तरी हेल चुकायचा, तेव्हा ती बाकावर बोटानं ठेका धरायची, वाक्य कुठं उचलायचं आणि कुठं सोडायचं ते दाखवायची. त्याच्या बदल्यात मी तिला माझी करामत दाखवली. डोळे मिटायचे आणि तिनं फडक्यात बांधून आणलेलं न उघडता सांगायचं. “भाकरी कालची, जवसाची चटणी आजची, आणि कांदा फोडून ठेवलायस.” ती इतकी हसायची की डोळ्यांतून पाणी यायचं. “तुह्या नाकाले इनाम द्या लागते,” म्हणायची. गावात माझ्या नाकाचं गुपित माहीत असलेली ती एकटीच.

तिची आई गयाबाई. वर्षभर लोकांच्या वावरात मजुरीला जायची आणि पितृपक्ष लागला की दसऱ्यापर्यंत घरं पोतारायची. भिंतीला आधी शेणमातीचा हात, मग पांढऱ्या मातीचा पोतारा. तिचा हात असा होता की भिंतीवर बोटाचा वळ दिसायचा नाही. आमच्या गल्लीतली सगळी घरं तिच्याकडे. बाहेरच्या भिंती आणि अंगणं तिच्याकडे, आतली खोली घरची बाई स्वतः करायची. असं का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण गयाबाईचं नाव होतं ते नुसत्या हातासाठी नव्हे. दहा अंगणांत फिरून या अंगणातलं त्या अंगणात न नेणारी बाई, अशी तिची ख्याती. दारं उघडी असलेल्या गल्लीत त्याला फार किंमत होती. “गयाच्या तोंडाले कुलूप हाये,” असं प्रमिलाची आई माझ्या आईला सांगायची, आणि आईलाही गल्लीतली एवढी एकच गोष्ट पटायची.

भाद्रपदाची पौर्णिमा आली आणि गल्लीत भुलाबाई बसली. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर छोटा गणपती. साताऱ्याला आमचा हादगा, पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर. इथं मूर्ती, टिपऱ्या, गाणी दुसरी, चाली दुसऱ्या. पण शेवटी खिरापत असते आणि ती ओळखायची असते हे ऐकल्यावर मला हायसं वाटलं. हे मला येत होतं. म्हटलं, आता या पोरींना कळू दे मी कोण आहे ते.

कुसुमला मी ‘चल ना’ म्हटलं होतं. ती म्हणाली, “आमच्या घरी नाही बसवत भुलाबाई. आमी सोडलं थे सारं. पन तू सांगत जा मले, कोनाच्या घरी काय होतं.” मी रोज सकाळी तिला सांगायची. ती डोळे मिटून ऐकायची.

काय दिवस होते ते. दिवेलागण झाली की पोरींचा घोळका निघायचा, या घरून त्या घरी. जोंधळा पोटऱ्यात आलेला असायचा आणि वाऱ्यावर त्याचा हिरवा, दुधाळ वास गावात शिरायचा. अंगणात सडा, कंदिलाची काच पुसलेली, गाणी एकामागून एक. माझ्या तोंडात शब्द बसत नसत, मी नुसते ओठ हलवायची. मग आतून घरची बाई पदराखाली पितळी डबा घेऊन यायची. “वयखा,” म्हणायची, म्हणजे ओळखा. डबा हातोहात फिरायचा. पोरी तो कानाशी धरून वाजवायच्या. खुळखुळला तर फुटाणे, धपधपला तर लाडू, काहीच वाजला नाही तर उकडपेंडी. माझ्यापर्यंत डबा आला की मी तो वाजवायची नाही. तोंड वळवून एकदाच श्वास घ्यायची आणि सांगायची.

पहिल्या दिवशी कापण्या. दुसऱ्या दिवशी तिळाची पोळी. तिसऱ्या दिवशी कोहळ्याची बोंडं. पहिल्याच खेपेला, तिन्ही दिवस. मला वाटलं होतं, पोरी माझ्या पाठीवर थाप मारतील. त्या गप्प झाल्या. घरची बाई डबा उघडायची, वाटायची, पण तिचं तोंड उतरलेलं असायचं. मला वाटलं, जळतात. साताऱ्याला पहिल्या खेपेला ओळखणारी मुलगी म्हणजे हुशार मुलगी. मग मी आणखीच जोरात सांगायला लागले. चौथा दिवस, पाचवा दिवस. सहाव्या दिवसापासून मी आले की अंगणातलं बोलणं थांबायचं. डबा गोधडीत गुंडाळून यायला लागला. प्रमिला, गल्लीतली सगळ्यात मोठी, तेरा वर्षांची, मला एकदा विहिरीवर म्हणाली, “तुले कोनतरी सांगून राह्यलं. आमाले काय कयत नाही का?”

मी सांगायला हवं होतं, वासानं कळतं म्हणून. आईची ताकीद आठवली. आणि एक भीतीही होती, की उद्या या मला कुत्र्यासारखं हुंगणारी म्हणतील. सातारवाली म्हणत होत्या तेवढं पुरे होतं.

दसऱ्याच्या चारेक दिवस आधी खिरापत प्रमिलाकडे होती. नंतर मला कळलं की तो सापळा होता. प्रमिलाच्या आईनं वाशीमच्या बाजारातून कोणाला न सांगता काहीतरी आणवलं, पिशवीत वर अंबाडीची भाजी घालून. दिवसभर अंगणाचं दार लावून घेतलं. त्या गल्लीत, दिवसा. प्रमिलालासुद्धा मावशीकडे पाठवून दिलं. अंगणातल्या चुलीवर ते उकडलं तेव्हा तिथं प्रमिलाची आई आणि भिंत पोतारायला आलेली गयाबाई, अशा दोघीच.

आम्ही पोरी संध्याकाळी गेलो तेव्हा लांब भिंत अर्धी पांढरी झाली होती. उरलेली गयाबाई उद्या करणार होती. ओल्या मातीचा गार वास अंगणभर होता. गाणी झाली. त्या दिवशी डबा दुसऱ्या कोणाकडे न जाता थेट माझ्या हातात आला आणि मला तो मान वाटला. मूर्खच मी. ओल्या मातीच्या वासाखालून झाकणाच्या फटीतून दुसरा वास येत होता. तळ्याचा. थोडा गाळ, थोडं शेवाळ, आणि त्यात काहीतरी उकडलेलं, गोडसर. वडिलांनी एकदा वाशीमला घेऊन दिले होते तेव्हापासून तो वास माझ्याकडे होता.

“शिंगाडे,” मी म्हटलं.

प्रमिलाच्या आईनं डबा माझ्या हातून काढून घेतला. रागावली नाही. शांतपणे पाटावर बसली, मला समोर उभं केलं.

“कोनं सांगतलं तुले?”

मी तिच्या हातातल्या डब्याकडे बघत राहिले.

“हे पाय, मी अन् गया, दोघीच होतो. मी काही सांगतलं नाही. तू अन् गयाची पोट्टी एका बाकावर बसता. कुसुमच्या मायनं सांगतलं ना?”

सगळ्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. मी ‘वास’ म्हटलं असतं तर मी कायमची त्या घोळक्याबाहेर गेले असते. आणि हो म्हटलं तर दोष दुसऱ्याच्या नावावर जाणार होता, माझी सुटका होणार होती. मी मान हलवली. ती मान नक्की कशी हलली, होकाराची होती की नुसती खाली गेली, याबद्दल मी पुढे स्वतःशी पुष्कळ वाद घातले आहेत. उगाच घातले. हो म्हणूनच हलवली होती.

“बस झालं मंग,” प्रमिलाची आई म्हणाली. शिंगाडे वाटले गेले. मला सगळ्यांत मोठा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाताना मी पाहिलं. गयाबाई पांढऱ्या मातीचं मडकं डोक्यावर घेऊन प्रमिलाच्या दारात उभी होती आणि दार अर्धंच उघडलं होतं.

“म्या कोनाले काय सांगतलं, बाई? मले घरी जायलेच रात झाली.”

“राहू दे आता, गया. बाकीचं आमी पाहून घेऊ.”

“भित अर्धी हाये.”

“राहू दे म्हनलं ना.”

गयाबाई वळली. मी वाटेतच होते, तिला दिसले. तिनं नुसतं पाहिलं, आणि मडकं सांभाळत निघून गेली. पुढच्या दोन दिवसांत गल्लीतल्या सगळ्या घरांनी तिला नको सांगितलं. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. कुलूप असलेलं तोंड आता उघडं निघालं होतं, एवढंच.

त्या दिवशी वर्गात कुसुम माझ्या शेजारीच बसली. पाटीवरचं गणित संपवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “तुले तं वासानं कयते. मले माहीत हाये. सांग ना एक डाव त्यायले.”

“तूच सांग की,” मी म्हटलं.

“मी सांगून कोन आयकंन? तू सांग.”

“सांगते,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं होतं. आज सांगते, उद्या सांगते. तिनं चार दिवस वाट पाहिली. दसरा झाला, शाळा उघडली, आणि कुसुम पहिल्या बाकावर जाऊन बसली होती. तिनं मला त्यानंतर काही विचारलं नाही. मी तिला कोणाकडे काय खिरापत होती ते सांगायचं बंद केलं, कारण ऐकायला ती नव्हती.

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात गल्लीनं मला आपलं म्हटलं. प्रमिला मला हात धरून विहिरीवर न्यायला लागली. तिनंच मला तिथला रिवाज समजावून सांगितला, जो सगळ्यांना माहीत होता म्हणून कोणी कधी सांगितला नव्हता. “पयल्या डावात वयखत नसतात, पागल. चार-पाच गोष्टी चुकीच्या सांगाच्या. घरच्या बाईनं दिवसभर राबून केलेलं असते, तिचा मान असते तो. पयल्याच डावात वयखलं म्हंजे तिच्या घरात काही राह्यलंच नाही.” मी ऐकत राहिले. म्हणजे सगळ्या पोरींना रोज कळत होतं. वाजवून कळत होतं, काहींना वासानंही कळत असेल. त्या सगळ्या जाणूनबुजून चुकत होत्या, आणि मी एकटी परीक्षेला बसले होते.

मग मीही चुकायला शिकले. कोजागिरीला, जोंधळ्याच्या पाच धांड्यांच्या मांडवाखाली भुलाबाई बसवली तेव्हा डबा माझ्याकडे आला. आत करंज्या होत्या, गल्लीच्या तोंडापासून कळत होतं. मी डबा कानाशी धरला, वाजवला आणि म्हटलं, “मुरमुरे हाये काय वं, काकू?” हेल अगदी बरोबर पडला. सगळ्या हसल्या, पण निराळं हसल्या. प्रमिलाच्या आईनं माझ्या गालाला हात लावला. आम्ही प्रमिलाच्या अंगणात गात होतो, आणि ती भिंत समोरच होती. उजवा अर्धा पांढरा, डावा मातकट. दुसरीनं सोडलेलं काम पुरं करायला गावातली कोणी आली नाही, आणि प्रमिलाच्या आईला स्वतःला तसा हात नव्हता. पांढरं जिथं संपत होतं तिथं गयाबाईच्या बोटांचे चार फराटे उमटलेले होते, वरून खाली. गाताना मी त्या बाजूला पाठ करून उभी राहायची.

तीन वर्षांनी वडिलांची पुन्हा बदली झाली. निघालो तेव्हा मी मले-तुले असं बोलत होते की साताऱ्याच्या चुलत बहिणी मला वऱ्हाडी म्हणून चिडवायच्या. तो हेल मला कुसुमनं बाकावर बोटानं ठेका धरून शिकवला होता, आणि मी तो तिच्याशी सोडून सगळ्यांशी बोलले. पुढे लग्न झालं, चार गावं झाली. जिथं जाईन तिथं मी लवकर मिसळते, असं लोक कौतुकानं म्हणतात. मला त्याची रीत माहीत आहे. पाहुणचाराला काय केलंय ते दारातच कळतं, तरी मी चुकीचं सांगते. पण कोणी माझ्याशी फार गोड बोललं की मला वाटतं, याची अर्धी भिंत कुठं असेल. कोणी नुसतं पाहिलं की वाटतं, याला कळलं.

चार वाजता मी कुसुमच्या घरी गेले. सडकेपलीकडे नव्या वस्तीत दोन खोल्यांवर गच्ची काढलेलं घर, दारात जास्वंद. ती शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. केस सगळे पांढरे, चष्मा, पाठ ताठ. बैठकीत कोनाड्यात बुद्धांची लहानशी मूर्ती आणि भिंतीवर दोन फोटो, त्यातला एक गयाबाईचा. फोटोत ती म्हातारी होती, पण बघणं तेच.

“कशी हायेस वं कुसुम?” मी दारातूनच म्हटलं. वाटेत तीनदा मनात घोळवून आणलं होतं.

“बरी आहे. ये, बस ना. प्रवास कसा झाला?”

शुद्ध, छापील मराठी. मी बसले. मी वऱ्हाडीत विचारत राहिले, ती प्रमाणभाषेत उत्तरं देत राहिली. मुलगा अमरावतीला असतो. सून शिक्षिका आहे. गुडघे दुखतात. प्रत्येक वाक्य नीट घडी घातलेलं. मी मनात म्हटलं, ही मला आत बसवूनही दारातच उभं करून बोलतेय. की नोकरीमुळे तोंडाला तसंच वळण पडलंय? मुख्याध्यापिका होती, असेल. मग परवाचा निरोप आठवला. बाहेर नको. का? चारचौघांत काही बोलायचं नव्हतं म्हणून, की मला या फोटोसमोर आणून बसवायचं होतं म्हणून? माझं पाण्याचं भांडं हातातच राहिलं.

ती आत गेली आणि एक स्टीलचा डबा घेऊन आली. झाकण घट्ट लावलेलं. तो तिनं माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला आणि खुर्चीत बसली.

“चहाबरोबर थोडं काही केलंय,” ती म्हणाली. “काय असेल, सांग.”

मला डबा हातात घ्यायची गरज नव्हती. ती स्वयंपाकघरातून निघाली तेव्हाच कळलं होतं. गाळ, शेवाळ, गोडसर वाफ. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हे सहज केलंय? दिवस आश्विनाचे आहेत, बाजारात येतात, कोणीही आणेल. की पन्नास वर्षं ठेवून मग आज उकडलेत? काही कळेना. आणि जीभ आपली सवयीनं आधीच तयार झाली होती.

“मुरमुरे?” मी म्हटलं.

“नाही.”

“शंकरपाळे असतील.”

“नाही,” कुसुम म्हणाली. चष्म्यातून बघत होती. घाई नव्हती तिला. मीही रिवाजाप्रमाणे तिसरी, चौथी चूक सांगू शकले असते. मग तिनं हसून झाकण उघडलं असतं, आम्ही शिंगाडे सोलत गुडघ्यांबद्दल बोललो असतो, आणि मी सहाच्या गाडीनं वाशीमला भाच्याकडे गेले असते. फोटोतली गयाबाई बघत होती.

“शिंगाडे,” मी म्हटलं.

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. वास आला.” मग थांबवेना. “त्या दिवशीही वासच आला होता, कुसुम. तुझ्या आईनं मला काही सांगितलं नव्हतं. ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी खोटी मान हलवली. आणि तुला सांगते म्हटलं आणि कोणाला सांगितलं नाही.” माझ्या तोंडातून मले-तुले काही आलं नाही. आलं ते माझ्या आईचं, साताऱ्याचं मराठी. डोळ्यांना पदर लावला.

कुसुमचा हात डब्याच्या झाकणावर होता. मग तिनं फोटोकडे पाहिलं आणि बोलली तेव्हा आवाज तिसऱ्या बाकावरचा होता.

“दरसाल भुलाबाईच्या दिवसात माय पुसे मले. आली का वं तुही सातारवाली, सांगतलं का तिनं कोनाले. मी म्हनो, येईन माय, येईन.” तिनं झाकण काढलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. “औंदाच्या पोयाले गेली माय. एक साल आधी काहून नाही आली वं तू?”